मागचा डावा स्पीकर

चार वाजायला अजून दहा मिनिटं होती आणि ताईच्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. सोफा भिंतीला टेकवून उभा केला होता, जेवणाचं टेबल बाल्कनीत नेऊन उलटं ठेवलं होतं, तरी माणसं येतच होती. चपला-बुटांचा ढीग दारातून निघून जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला होता. भावोजी जिवंत असताना या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एवढी माणसं कधी फिरकली नव्हती. भूगोल शिकवून निवृत्त झालेला, सिनेमाचं वेड असलेला साधा मास्तर. त्याच्याकडे कोण कशाला येईल? मेल्यावर मात्र त्यांच्या भेटीसाठी लोक रविवारची झोप मोडून येत होते. कारण भावोजी बोलत होते. दर रविवारी चार वाजता, बंद असलेल्या होम थिएटरमधून.

ताईचा धाकटा भाऊ दाराशी उभा राहून हे सगळं बघत होता. त्याला सगळे वायरमामा म्हणत. टीव्ही, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांची सोयरीक जुळवून द्यायची हा त्याचा धंदा, आणि बावीस वर्षांत जुळवलेली एकही सोयरीक मोडली नाही असं तो स्वतःच सांगत असे. या हॉलमधलं होम थिएटरही त्याच्याच हातचं. समोरच्या भिंतीवर टीव्ही, खाली लाकडी कपाटात ॲम्प्लिफायर, टीव्हीभोवती तीन स्पीकर, कोपऱ्यात धडधडणारा मोठा डबा, आणि मागच्या भिंतीवर भावोजींच्या आरामखुर्चीच्या डोक्याशी उजवा-डावा असे दोन. "हेलिकॉप्टर आलं तर मागून आलं पाहिजे, राव," असं भावोजींनी बजावलं होतं. मग मेहुण्या-मेहुण्यांनी चार दिवस शिडीवर काढले आणि हेलिकॉप्टर मागून आणलं.

भावोजी हृदयविकाराने गेले त्याला आता अडीच महिने झाले होते. बैठकीचा हा तिसरा रविवार. पहिल्या दोन वेळी वायरमामा बाहेरगावी एका सभागृहाच्या कामावर होता. फोनवर ताईने सांगितलं तेव्हा त्याला वाटलं, दुःखाने बिचारीला भास होत असतील.

पांढरा सदरा, पांढरी पँट आणि हातात दोन बोटांचा स्टीलचा नादकाटा घेऊन या बैठका भरवणारे नादगुरू आत आले. हा काटा शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तोच, पण इथे त्याला मखमली म्यान होतं. त्यांनी तो गुडघ्यावर आपटला. टिंऽऽग! खोली गप्प झाली.

"ध्वनी मरत नाही, मंडळी!" नादगुरू म्हणाले. "विज्ञान सांगतं, ऊर्जेचा नाश होत नाही. मग माणूस जन्मभर बोलतो ते शब्द जातात कुठे? इथेच असतात! या भिंतीत, या पडद्यात, या तारेत. आपल्याला ते ऐकू येत नाहीत, कारण आपली फ्रिक्वेन्सी घाण झाली आहे."

फ्रिक्वेन्सी कशाने घाण होते आणि कशाने धुतात हे कुणी विचारलं नाही. पहिल्या रांगेतल्या शेजारच्या काकूंनी तर अशी मान डोलावली, जणू आज सकाळीच त्यांनी आपली फ्रिक्वेन्सी धुऊन दोरीवर वाळत घातली होती.

"मी कोण? मी फक्त काटा आहे," नादगुरू म्हणाले. "पण आजकाल लोकांना पुरावा लागतो. घ्या पुरावा! या यंत्राचा कारागीर इथे आहे म्हणे. या, पुढे या."

चाळीस माना वळल्या. वायरमामा माणसांच्या खांद्यांना धरत पुढे गेला. ॲम्प्लिफायरचा प्लग काढून जमिनीवर ठेवलेला होता. टीव्हीचाही. त्याने कपाटात डोकं घातलं, ॲम्प्लिफायरच्या पाठीला हात लावला. पाठ गार होती. एकही दिवा लागलेला नव्हता.

"काय दिसतं?"

"बंद आहे."

"जोडणी कुणाची?"

"माझी."

"मधे दुसऱ्या कुणी हात घातला असेल?"

वायरमामाचा अभिमान इथे दुखावला गेला. "माझ्या जोडणीला दुसऱ्याचा हात लागत नाही," तो मोठ्याने म्हणाला.

टाळ्या पडल्या. पडदे ओढले गेले. नादगुरूंनी पुन्हा टिंग केलं आणि छातीशी काटा धरून ताईला म्हणाले, "हाक मारा."

"अहो," ताई म्हणाली. "आहात का?"

एक, दोन, तीन, चार. काहीच नाही. "अंतर फार आहे, धीर धरा," नादगुरू पुटपुटले. आणि मग आरामखुर्चीच्या मागून, डाव्या बाजूने, घसा खाकरत भावोजी बोलले.

"अगं, आहे ना. बसलीस का नीट? आणि तो आलाय का आज? काय राव, कुठे होतास दोन आठवडे?"

वायरमामाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तोच घोगरा आवाज, तेच लांबवलेलं 'राव'. त्याला कळायच्या आत तो रडत होता. चाळीस माणसांसमोर, पन्नाशीचा माणूस, ओठ गच्च मिटून. त्याला एक गोष्ट आतून कुरतडत होती आणि ती त्याने आजवर कुणाला सांगितली नव्हती. भावोजींना कळ आली त्या दुपारी त्यांनी पहिला फोन त्याला केला होता. तो शिडीवर होता, तोंडात स्क्रू होते, त्याने फोन वाजू दिला.

"भावोजी," तो म्हणाला, "त्या दिवशी मी फोन उचलला नाही."

चार-पाच सेकंद गेले.

"ते सोडून दे, राव. तुझी काही चूक नाही."

त्या एका वाक्यासाठी वायरमामाने काहीही दिलं असतं. त्याने काय दिलं ते त्याला लगेच कळलं नाही. त्यानंतर ताईने विचारलं, "अहो, बुधवारी ऑपरेशन आहे. काय करू?"

ताईच्या छातीत गाठ होती. अंगठ्याच्या नखाएवढी. तपासणी झाली होती, गाठ वाईट होती, पण सर्जन म्हणाले होते की वेळेत सापडली आहे, काढून टाकू, पुढची औषधं घ्या, बरीच वर्षं जगाल. तारीखही ठरली होती.

"सुरी लावून घेऊ नकोस," भावोजींचा आवाज म्हणाला. "शरीर कापलं की तार तुटते. मग मला तुझ्याशी बोलता येणार नाही. नादगुरूंचा नाद घे. गाठ विरघळेल."

सोमवारी ताईने दवाखान्यात फोन करून तारीख रद्द केली. वायरमामा तेव्हा समोरच चहा पीत होता. बोलावं असं त्याच्या मनात आलं. पण भावोजी खोटे म्हणायचे तर ती माफीही खोटी म्हणावी लागली असती, आणि ती त्याला हवी होती. त्याने कप खाली ठेवला आणि तो कामावर गेला.

मग रविवारांमागून रविवार गेले. नादगुरू आठवड्यातून तीनदा ताईच्या गाठीवर काटा वाजवून टेकवू लागले. गाठ वाढली. "विरघळण्याआधी ती फुगते," नादगुरू म्हणाले, "साखरेचा पाक बघितलाय ना?" पाकाचा आणि गाठीचा काय संबंध हे देवच जाणे, पण ऐकणाऱ्यांना पटलं. ताईची पाठ दुखू लागली. "जुना नाद बाहेर पडतोय." ताईला धाप लागू लागली. "नवा नाद आत शिरतोय." एकंदरीत, ताईला काहीही झालं तरी नादगुरूंचं बरोबरच येत होतं. हॉल पुरेना म्हणून माणसं जिन्यात बसू लागली, आणि दर रविवारी वायरमामा कपाटात डोकं घालून साक्ष देई, "बंद आहे." त्याच्या साक्षीवर लोकांचा नादगुरूंपेक्षा जास्त भरवसा होता. नादगुरू काय, परके. वायरमामाने निम्म्या लोकांच्या घरचे टीव्ही जोडून दिले होते.

ताईची मुलगी दुसऱ्या शहरात रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये नोकरीला होती. ती फोनवर भांडून भांडून थकली. चार महिन्यांनी रजा मिळवून ती शुक्रवारी आली, आईला बघितलं, आणि रात्रीचं जेवण न जेवता झोपली. शनिवारी सकाळी शेजारच्या काकूंच्या आधाराने ताई काटा लावून घ्यायला गेल्यावर तिने मामाला बोलावून घेतलं.

"आईला धरून उठवावं लागतंय, मामा. आणि तू साक्ष देत फिरतोयस?"

"मी खोटं सांगत नाही. यंत्र बंद असतं. मी बघतो ना दर वेळी."

"काय बघतोस?"

"ॲम्प्लिफायर. प्लग. मागच्या तारा."

"आवाज कुठून येतो?"

"मागच्या डाव्या स्पीकरमधून."

"मग तो उघडून बघितलास?"

"तो कशाला उघडायचा? माझ्या हातचं काम आहे ते."

"म्हणजे नाही बघितलास." ती आरामखुर्चीच्या दांडीवर बसली. "मामा, बाबा जन्मभर पाच स्पीकरांचं कौतुक करत होते. बाटली फुटली तर उजवीकडे, कुत्रं भुंकलं तर डावीकडे. आणि तो माणूस मेल्यावर एकाच स्पीकरमधून बोलतो? आणि परलोकातून बोलताना दर वेळी चार सेकंद थांबतो? तिथेही नेटवर्क कमीच आहे वाटतं?"

वायरमामा चिडला. "बापाची थट्टा करतेस?"

"मी नाही करत. दुसरं कुणीतरी करतंय. काढ तो स्पीकर."

त्याने बाल्कनीतून स्टूल आणलं. हे केवळ भाचीचं तोंड बंद करायला, असं त्याने स्वतःला सांगितलं. पण खोलवर कुठेतरी त्याला ठाऊक असावं. बावीस वर्षं तारांत काढलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल कसं?

स्पीकरची पेटी हुकावरून उचलली आणि तिच्या मागच्या पोकळीतून हातभर वायर बाहेर आली. ही त्याचीच सवय. दुसरे जोडणीवाले तार मोजून मापून तोडतात. वायरमामा प्रत्येक पेटीमागे हातभर जास्त सोडायचा, उद्या घरमालकाला जागा बदलावीशी वाटली तर पुन्हा भिंत फोडायला नको म्हणून. या हातभर वायरीचा त्याला अभिमान होता. आणि त्या हातभर वायरीच्या वेटोळ्यात, कापसात गुंडाळलेली, काडेपेटीएवढी एक हिरवी पट्टी होती. तिला एक चपटी बॅटरी होती. पट्टीतून निघालेल्या दोन केसासारख्या बारीक तारा त्याच्या जाड तारेला पिळून जोडल्या होत्या आणि वर काळी चिकटपट्टी फासली होती.

वायरमामा जोडाला काळी पट्टी कधीच लावत नसे. तो तांब्याची टोपी दाबून बसवायचा आणि वर आकडा लिहिलेली पिवळी नळी चढवायचा. दुसऱ्या माणसाचा जोड त्याला अंधारातही बोटांनी कळला असता. एकदा हात घातला असता तर.

"काय आहे ते?" भाचीने विचारलं.

"ॲम्प्लिफायर," तो म्हणाला. "छोटा, बॅटरीवरचा. फोनवरून बिनतारी आवाज घेतो आणि स्पीकरला देतो." त्याने पट्टी बोटाने उलटी करून बघितली. "स्पीकरला स्वतःचा प्लग नसतो गं. तो मुका असतो. तारेतून जे येईल ते बोलतो. तार कपाटातून आली की कापसातून, त्याला काय माहीत? आणि मोठा ॲम्प्लिफायर बंद असला की त्याच्या आतला खटका स्पीकरची तार सोडून देतो, त्यामुळे हा छोटा खुशाल वाजतो. कपाटातला प्लग काढून दाखवला काय आणि नाही दाखवला काय, त्याचा या आवाजाशी काही संबंधच नव्हता."

"आणि चार महिने तू तोच प्लग दाखवत होतास."

तो स्टुलावरून उतरला आणि जमिनीवर बसला.

बाकीचं दोघांनी मिळून जुळवलं. पहिल्या बैठकीआधी नादगुरूंचा एक शिष्य 'खोलीचं नादशुद्धीकरण' करायला आला होता आणि दार आतून लावून तीन तास एकटा बसला होता. दर रविवारी सकाळी तोच येऊन अर्धा तास 'लहरी पुसून' जाई. म्हणजे बॅटरी बदलून जाई. आणि ताईने भावोजींचा फोन 'दिवंगताच्या स्पर्शाची वस्तू' म्हणून आठ दिवस नादगुरूंकडे दिला होता. भावोजींना टाइप करायचा कंटाळा. जुन्या विद्यार्थ्यांना, नातलगांना ते बोलूनच निरोप पाठवत. असे शेकडो निरोप त्या फोनमध्ये होते. आजकाल एखाद्याचं थोडंसं बोलणं संगणकाला ऐकवलं की तो त्याच आवाजात हवं ते वाक्य म्हणून दाखवतो. नादगुरूंच्या कॉलरला माईक, बाहेर जिन्याच्या वरच्या वळणावर, गर्दीपासून दूर बसलेला शिष्य ते ऐकून उत्तर टाइप करणार, आणि त्या टायपिंगला चार-पाच सेकंद लागणार. परलोकाचं अंतर ते एवढंच.

"म्हणजे 'तुझी काही चूक नाही' हे…" वायरमामाने वाक्य अर्धवट सोडलं.

"त्या शिष्याने टाइप केलं, मामा," भाची म्हणाली. तिलाही रडू आलं. पण खोटा दिलासा तिने दिला नाही.

"आईला आत्ताच सांगू," ती थोड्या वेळाने म्हणाली.

"नुसतं सांगून ती मानणार नाही. मी चाळीस माणसांसमोर साक्ष दिली. चाळीस माणसांसमोरच मागे घेतो." त्याने पेटी होती तशी हुकाला लावली.

रविवारी चार वाजता सगळं नेहमीसारखं झालं. टिंग झालं, फ्रिक्वेन्सी घाण झाली, वायरमामाने कपाटात डोकं घालून "बंद आहे" म्हटलं. टाळ्या पडल्या. ताई आरामखुर्चीत उशांना टेकून बसली होती. तिने हाक मारली.

"अगं, आहे ना," आवाज म्हणाला. "आज थकलेली दिसतेस. घाबरू नकोस, गाठ आता शेवटच्या…"

वायरमामा स्टुलावर चढला. लोकांना वाटलं, भक्तीने जवळ जाऊन ऐकतोय. त्याने पेटी उचलली, मागची हातभर वायर ओढून घेतली आणि पेटी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. भावोजी आता त्याच्या हातात बोलत होते. त्याने कापूस बाजूला केला, हिरवी पट्टी लोंबकळली, आणि खिशातल्या कात्रीने त्याने एक बारीक तार तोडली.

"…विरघळण्याच्या…"

आवाज वाक्याच्या मधेच मेला. वायरमामाने तारेची दोन टोकं बोटांनी एकमेकांना टेकवली.

"…नाद चालू ठेव."

त्याने टोकं दूर केली. शांतता. टेकवली. "नादगुरूंवर…" दूर केली. शांतता. कुणीतरी मागच्या रांगेत हसलं आणि लगेच गप्प झालं.

"हे भावोजी नाहीत," वायरमामा म्हणाला. "ही बॅटरी आहे. मी चार महिने तुम्हाला चुकीच्या जागी प्लग दाखवला. मी उघडून बघितलं नव्हतं. चूक माझी आहे."

एवढ्यात भाची दारातून आत आली. तिच्या हातात शिष्याचे दोन फोन होते, एक ऐकायचा आणि एक टाइप करायचा. शिष्य जिन्यात मांडीवर फोन घेऊन टाइप करताना सापडला होता आणि तिला बघून फोन टाकून, बूटही न घालता पळाला होता. तिने पडद्यावरची वाक्यं पहिल्या रांगेला दाखवली. सगळ्यात खाली न पाठवलेलं एक वाक्य तयार होतं: "अगं, पाठदुखी म्हणजे शुभ लक्षण."

"नास्तिकांच्या कंपनांनी तार दूषित झाली!" नादगुरू ओरडले. "मी या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही!" काटा म्यानात घालायलाही न थांबता ते माणसांच्या डोक्यांवरून उड्या घेतल्यासारखे निघाले. दाराशी त्यांचा पाय चपलांच्या ढिगात अडकला, पण पडले नाहीत. लबाड माणसं सहसा पडत नाहीत.

वायरमामाला वाटलं होतं, आता लोक चिडतील, पोलिसांना बोलावतील, निदान शरमतील. लोक चपला शोधू लागले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "या एका ठिकाणी असेल हो लबाडी. सगळीकडेच खोटं असतं असं नाही." जिन्याजवळ एक म्हातारा थांबला. त्याचा मुलगा वर्षभरापूर्वी अपघातात गेला होता. तो वायरमामाला हळूच म्हणाला, "पुढच्या रविवारी माझ्या मुलाशी बोलणं ठरलं होतं. तुम्ही एक आठवडा थांबला असतात तर काय बिघडणार होतं?"

ताई उठली नाही. सगळे गेल्यावर तिने मुलीला जवळ बोलावलं.

"त्या फोनात अजून आहे का गं तो आवाज?"

"आहे."

"एकदाच. मला नुसतं 'अगं' म्हणायला लाव."

"नाही, आई."

ताईने पुन्हा विचारलं नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि पंख्याकडे बघत राहिली.

मंगळवारी तिघं सर्जनकडे गेले. तोच माणूस, तीच खोली. त्यांनी आदल्या दिवशी काढलेले नवे फोटो दिव्यासमोर धरले. गाठ पाठीच्या मणक्यात गेली होती, फुप्फुसात गेली होती. "आता कापून उपयोग नाही," ते म्हणाले. "दुखणं कमी राहील असं बघू." उशीर का केला हे त्यांनी विचारलं नाही. वायरमामाला वाटलं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

भाची औषधांच्या रांगेत गेली तेव्हा तो बाहेर बाकावर ताईशेजारी बसला. "ताई, मी आधीच बघायला हवं होतं," तो म्हणाला. "त्या माणसाने तुला फसवलं, पण मी…"

"मला तो माणूस पहिल्या दिवसापासून बनेल वाटला होता," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकायला जास्त कठीण गेलं. "दोन रविवार मी मनात म्हणत होते, काहीतरी गडबड आहे. बुधवारी दवाखान्यात जायची माझी पिशवीसुद्धा भरून तयार होती. मग तू आलास आणि म्हणालास, बंद आहे. तू म्हणालास ना, म्हणून मी विश्वास ठेवला."

ताई त्यानंतर अकरा आठवडे जगली. शेवटचे तीन फार वाईट गेले.

भाचीने पोलिसांत तक्रार केली होती. त्या तक्रारीचं काय झालं ते अजून कळलेलं नाही. नादगुरू शहराच्या दुसऱ्या टोकाला बैठका घेतात, गर्दी पूर्वीपेक्षा जास्त असते असं म्हणतात. तिथे आता कारागिराला साक्षीला बोलावत नाहीत. वायरमामा अजून जोडणीची कामं करतो. काम संपलं की प्रत्येक पेटी भिंतीवरून उतरवून तो घरच्यांना तिची पाठ दाखवतो, कुठली तार कुठून येते, कुठे जाते, सगळं समजावतो. लोक जांभया देतात. "ते तुम्हाला माहीत, मामा," म्हणतात, "आम्हाला रिमोट कसा चालवायचा तेवढं सांगा." आणि दारापर्यंत सोडायला आलेला कुणीतरी हमखास विचारतो, "पण काही म्हणा, आवाज मात्र हुबेहूब होता, नाही?"

तरी सांगायचं ते सांगितलंच पाहिजे. मेलेलं माणूस बोलत नाही. कुठलाही आवाज कुठून तरी निघतो. त्याला तार लागते, बॅटरी लागते आणि कुठेतरी आडोशाला बसलेला एक जिवंत माणूस लागतो. त्याला शोधा. जिथे बघा म्हणून दाखवतात तिथे तर बघाच, पण जिथे कुणी दाखवत नाही तिथे आधी हात घाला. जाणकाराने मान डोलावली म्हणून आपली डोलवू नका. त्यालाही विचारा, आणि तो तुमचा सख्खा भाऊ असला तर दोनदा विचारा. आणि हाताला गाठ लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. गेलेल्यांचा सल्ला घेऊ नका. त्यांना आता काही दुखत नाही. जे दुखायचं ते तुम्हालाच दुखणार आहे.